पाच टिंबे

“बाई, वाघाला हात लावायचा नाही,” हूतन म्हणाला आणि माझ्या टेबलावरच्या प्रुफांवर त्याने तळहात दाबून ठेवला.

हात लावून झाला होता. पहिल्या वीस पानांत जिथे जिथे वाघ आला, तिथे मी तांबडे वर्तुळ काढले होते. हूतनच्या सगळ्या कादंबरीत तो दोनशे चौदा वेळा येतो.

“वाघ नाही रे तो,” मी म्हटले. “पीर आहे. तू चुकीचं वाचलंस.”

“बाई, पस्तीस वर्षं झाली पहिली पास होऊन. अजून शुद्धलेखन?”

“पास मीच केलं होतं. तीच चूक झाली.”

तो हसला. हूतन रावरी आता मोठा लेखक आहे. बोटात नीलमण्याची अंगठी घालतो, कुणी फोटो काढायला आले की हनुवटी त्या हातावर टेकवतो. मी निवृत्त झाल्यावर तेहरानच्या या प्रकाशनात प्रुफे तपासण्याचे काम त्यानेच मला लावून दिले. त्यामुळे त्याच्यावर चिडायची मला चोरी आहे. तरी मी चिडते.

आमच्या फारसी लिपीत दोन दात, म्हणजे ओळीवरची उभी टोके, आणि एक शेपटी काढली की अर्धा शब्द होतो. उरलेला अर्धा टिंबांत असतो. दोन्ही दातांखाली एकेक टिंब दिले तर बबर, म्हणजे वाघ. पहिल्याखाली तीन आणि दुसऱ्याखाली दोन दिली तर पीर, म्हणजे म्हातारा किंवा साधुपुरुष. पहिल्यावर दोन आणि दुसऱ्याखाली दोन, तर तीर. पहिलीच्या मुलांना मी फळ्यावर नुसते दात आणि शेपटी काढून द्यायची आणि म्हणायची, आता यातून जनावर काढा, माणूस काढा, बाण काढा. मुले खडूसाठी भांडायची. हूतन टिंबे अंदाजाने द्यायचा. “टिंबं म्हणजे नानवरचे तीळ नव्हेत रे, कुठेही पडले तरी चालायला,” असे मी त्याला रोज सांगायची.

आमच्या गावाबाहेर, वाळवंटाच्या तोंडाशी एक दगड आहे. त्याच्याखाली विहिरीसारखा खोल खड्डा आणि खड्ड्याच्या तळाशी डोंगरातून गावाकडे पाणी आणणारा भुयारी पाट. माझे वडील ते पाट खोदायचे. हे काम करणारी माणसे पांढरे कपडे घालून खाली उतरतात. वर येता आले नाही तर तेच कफन. पांढरी माती केसांत मुरून वडील विशीतच म्हातारे दिसायला लागले, म्हणून सोबतचे त्यांना ‘पीर’ म्हणायचे. चौतिसाव्या वर्षी छत कोसळले. त्यांना वर काढता आले नाही. खड्ड्याच्या तोंडावर दगड ठेवला गेला. पाथरवटाने विचारले, नाव काय कोरू? सोबतच्यांना ‘पीर’ एवढेच ठाऊक होते. मी नऊ वर्षांची होते, तिथेच उभी होते. मला कुणी विचारले नाही.

दात आणि शेपटी खोल कोरली होती, टिंबे नुसती टोचलेली. वाळूच्या वाऱ्याने ती खाल्ली.

पुढे मी त्याच गावात शिक्षिका झाले. एकदा पहिलीच्या अकरा मुलांना तिथे नेले आणि विचारले, वाचा बघू. हूतन ओरडला, “बबर! खाली वाघ आहे!” मुले हसली. मीही हसले. खरे सांगायला गेले असते तर मुलांसमोर रडू आले असते, म्हणून राहू दिले. शिक्षकाने एक चूक तपासायची सोडली की तिचे पुढे पुस्तक होते.

पुस्तकात दगडाखाली हजारो वर्षांपूर्वीचा जलव्याघ्र झोपला आहे. गावकरी त्याची पूजा करतात. मग परदेशी सैतान विजेचा पंप घेऊन येतो, पाणी पळवतो आणि वाघ जागा होतो. गावातला पहिला पंप हूतनच्या वडिलांनी बसवला होता. त्या दिवशी त्यांनी मेंढा कापला, सगळ्या गावाला जेवण घातले. त्या पंपाने चार वर्षांत भुयारी पाट कोरडा केला. त्या मेंढ्याचा रस्सा हूतननेही ओरपला होता. पुस्तकात मेंढा नाही.

“हूतन,” मी त्या दिवशी म्हटले, “त्या दगडाखाली माझे बाबा आहेत.”

त्याने प्रुफांवरचा तळहात उचलला. मला वाटले, पोचले.

“बाई, किती सुंदर!” तो म्हणाला. “पण हे तुमचं वैयक्तिक झालं. मी सगळ्या देशाच्या स्मृतीबद्दल लिहितोय.”

“त्या देशात माझे बाबा बसत नाहीत का?”

“वाघ बसतो. म्हाताऱ्यावर कोण कादंबरी वाचतं?”

“बरं, पहिल्या पानावर एक ओळ टाक. दगडाखाली पाट खोदणारा एक माणूस आहे, आणि त्याचं नाव. बस्स. बाकी तुझा वाघ नाचव हवा तसा.”

“बघतो,” तो म्हणाला. पहिलीत गृहपाठ राहिला की असाच म्हणायचा.

प्रस्तावना समीक्षक डॉक्टर माहूतची यांची, अठरा पानांची. ते स्वतः ती द्यायला आले आणि प्रकाशक तवक्कोलींच्या खोलीत मोठ्याने वाचू लागले. ‘बबर’मधली दोन टिंबे म्हणजे काळोखात चमकणारे वाघाचे दोन डोळे, हा त्यांचा मुख्य शोध.

“डॉक्टर,” मी दारातून म्हटले, “आमच्या वाळवंटात वाघ कधीच नव्हता हो. कोल्हासुद्धा पाणी बघून येतो.”

“तोच तर मुद्दा आहे, खानम! नसलेला वाघ हाच खरा वाघ.” मग त्यांनी माझ्याकडे नीट पाहिले. “चहात वेलची टाकाल का जरा?”

मी म्हटले, चहावाला खालच्या मजल्यावर बसतो.

महिन्याभराने पुस्तकांना परवानगी देणाऱ्या सरकारी कचेरीतून दीड ओळीचा कागद आला. वाघाची पूजा हा मूर्तिपूजेचा प्रचार आहे, त्या जागी एखादी आदरणीय धार्मिक व्यक्ती असावी. आदल्याच आठवड्यात हूतनने मुलाखतीत सांगितले होते, मी एका टिंबाचीही तडजोड करणार नाही. अर्ध्या तासात त्याने दोनशे चौदा ठिकाणी केली. संगणकात एक कळ दाबली आणि सगळे वाघ पीर झाले. नंतर इकडेतिकडे हिरवा घुमट आणि मूल होण्यासाठी नवस बोलणाऱ्या बायका घातल्या.

“घ्या बाई,” तो आनंदाने म्हणाला, “शेवटी तुमचंच खरं झालं! पीर.”

“हा माझा पीर नव्हे. माझे बाबा नमाज चुकवायचे आणि दोरी तुटली की शिव्या द्यायचे. नवसाला पावणारे नव्हते ते.”

“अहो, शब्द तर तोच आहे ना?”

“टिंबं तीच आहेत. शब्द तो नाही.” मी प्रूफ उलटले. “आणि हे बघ, पान एकशे बारा. ‘पिराने शेपूट आपटले.’ पान एकशे तीस. ‘पिराने शेळी जबड्यात धरून ओढत नेली.’ काढू का?”

त्याने वाचले. तवक्कोलींनी वाचले आणि चष्मा पुसला.

“राहू द्या,” हूतन सावकाश म्हणाला. “आवडतंय मला.”

“साधूला शेपूट?”

“एफ्फत खानम,” तवक्कोली समजुतीने म्हणाले, “तुम्ही अक्षरं, टिंबं बघा. अर्थाचं आम्ही बघतो.”

“आणि पहिल्या पानावरची ओळ?”

हूतनने अंगठी फिरवली. “बाई, कादंबरीच्या पहिल्या पानावर मयताची सूचना शोभते का?”

मी दोनशे चौदा पीर तपासले. प्रत्येकाखाली पाच टिंबे नीट होती. माझ्या कामात खोट नको. पुस्तक आले. डॉक्टरांनी प्रस्तावनेत दोन टिंबांची पाच केली होती. ते आता डोळे नव्हते, हाताची पाच बोटे होती. शेपटीबद्दल त्यांनी वेगळा लेख लिहिला. पुराण आणि आधुनिकता यांची गाठ त्या शेपटीत पडली आहे म्हणे. त्या लेखाचे प्रूफही माझ्याकडेच आले. त्यात एकही चूक सापडली नाही. असल्या लोकांचे शुद्धलेखन पक्के असते.

मी चार दिवसांची रजा घेतली, पिशवीत छिन्नी आणि छोटी हातोडी टाकली आणि गावी गेले.

गावात सात घरे उरली आहेत. शाळेला कुलूप. दगडाला कुणीतरी नवसाच्या हिरव्या चिंध्या बांधल्या होत्या. पुस्तक वाचून शहरातून लोक यायला लागले होते. मी चिंध्या सोडून बाजूला ठेवल्या आणि दगडापुढे बसले. ठरवून आले होते की पाच टिंबे पुन्हा खोल टोचायची. पहिल्या दाताखाली छिन्नी टेकवली आणि हात थांबला. टिंबे दिली की पीर होणार. पीर झाला की नवस आले, चिंध्या आल्या, आणि आता शेपूटही.

मी छिन्नी खाली, कोऱ्या जागेवर नेली.

पंपाच्या रखवालदाराची मुलगी आली. गोलनार नाव, सहा-सात वर्षांची. ती आधी लांब उभी राहिली, मग जवळ आली, मग माझ्याच गुडघ्याला टेकून बसली.

“काय करताय, आजी?”

“शुद्धलेखन.”

“दगडावर?”

“कागद कमी पडला.”

ती शेवटपर्यंत बसून राहिली. ऊन उतरले तेव्हा मी बाजूला सरकले आणि म्हटले, “वाच बघू.”

तिने बोट कोरीव खाचेत घातले आणि अक्षराअक्षरावरून फिरवले. “मु... रा... द.” मग पुन्हा वर-खाली पाहिले. “आजी, याला टिंबं द्यायची राहिली.”

“या नावाला एकही टिंब लागत नाही.”

तिने खात्री करून घेतली. म, रा, द. एकही नाही.

“म्हणजे चुकतच नाही?”

“चुकवायला जागाच नाही.”

“कोण मुराद?”

“पाट खोदायचे. ज्या पाण्यावर हे गाव होतं, ते पाणी आणायचे.”

“ते पीर होते?”

“नाही गं. चौतीस वर्षांचे होते.”

ती उठली. माझ्या काळ्या कोटावर बाह्यांपासून गुडघ्यांपर्यंत दगडाची पांढरी भुकटी बसली होती. ती झटकायला तिने हात पुढे केला.

“राहू दे,” मी म्हटले.