एका हाकेला दोन नालोंगो

जुळी झाली की बाईचं नाव जातं. जातं म्हणजे हरवत नाही, लग्नातल्या गोमेसीसारखं, म्हणजे पायघोळ झग्यासारखं, पेटीच्या तळाशी पडून राहतं. त्या दिवसापासून ती नालोंगो आणि तिचा नवरा सालोंगो. बाजारात, चर्चमध्ये, मयताला, कुठेही गेली तरी नालोंगोच. तिला नावानं हाक मारणं म्हणजे तिचा अपमान, आणि वर जुळ्यांचा कोप. हाक मारणाऱ्याच्या अंगावर भाजल्यासारखे फोड उठतात म्हणे. कोणी पाहिलेत कोणास ठाऊक, पण पाहायची हौसही कोणाला नाही.

कंपालाहून निघणाऱ्या मसाका रस्त्यावरच्या एका गावच्या बाजारात वरच्या रांगेत मातोके केळ्यांचे घड विकणारी नालोंगो होती. तिचे जुळे मुलगे, वास्वा आणि काटो, आता स्वतः बाप झाले होते. रांगेत कोणी कुठे बसायचं, कोणाचा ट्रक आधी उतरायचा, कोणाच्या सुनेनं जास्त तोंड चालवलंय, हे सगळं तिच्या शब्दावर ठरायचं. तिच्या जिभेला बाजारातले हमालसुद्धा वचकून असत. शाळेत ती जेमतेम अक्षरं गिरवण्यापुरती गेली होती, पण माणूस समोर येऊन उभा राहिला की तो काय लपवतोय हे तिला त्याच्या चालीवरून कळायचं.

तिच्या शेजारी, मध्ये एक फळी सोडून, दुसरी नालोंगो बसायची. ती सुकलेली मुकेने विकायची, म्हणजे बोटाएवढी बारीक मासळी. लोक मागून एकीला केळीवाली आणि दुसरीला मासळीवाली म्हणत, तोंडावर दोघीही नालोंगो. दोघींचं वैर वाऱ्यामुळे झालं होतं. दुपारी तळ्याकडून वारा सुटला की मासळीचा वास केळ्यांवर यायचा. मग केळीवाली नाकाला फडकं लावून मोठ्यानं म्हणायची, "वारा फिरला वाटतं." सगळी रांग हसायची. मासळीवाली सूप पाखडत राहायची, वर बघायचीसुद्धा नाही. त्यामुळे केळीवालीला आणखीच चेव यायचा. उत्तर न देणारं माणूस तिला मुळीच आवडत नसे.

पण मागच्या पावसाळ्यापासून केळीवालीचं एक दुखणं सुरू झालं होतं. घड उचलला, शिंक आली, पोटभर हसू आलं, की खालून कपडा ओला व्हायचा. तिनं हसणं सोडलं. लोकांना वाटलं, नातवंडांची आजी झाली, पोक्तपणा आला. ती आत जुन्या चादरीच्या घड्या बांधायची, घरी गेल्यावर सुनांच्या नजरा चुकवून धुवायची आणि केळीच्या बागेत, कोणी जात नाही अशा कोपऱ्यात वाळत घालायची. बाजारात कधी वास यायला लागला, की दुसऱ्या कोणाच्या नाकाला लागायच्या आत ती स्वतःच मासळीच्या फळीकडे बघून म्हणायची, "आज काय माल कुजलाय का?" मासळीवाली सूप पाखडत राहायची.

पुढे नातीच्या मागणीचा समारंभ ठरला. मुलाकडचं सगळं गोत येणार, आणि आजीनं दोन्ही घरांसमोर चटईवर तासन् तास बसायचं, मग उठून नाचायचं. पिवळी रेशमी गोमेसी घालून. त्या गोमेसीवर मागे डाग उमटला तर घरातल्या पोरींची लग्नं होईपर्यंत गाव तो डाग विसरणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. गावाचे असले कितीतरी डाग तिनंच लक्षात ठेवले होते. म्हणून ती पेट्रोल पंपामागच्या डॉक्टर लुबेगांच्या दवाखान्यात गेली. बाजारातल्या बायका सहसा सरकारी केंद्रात जात, इकडे फारशा फिरकत नसत.

तिथल्या सिस्टर नान्तुमेनं रीतीप्रमाणे गुडघे टेकून तिला नमस्कार केला, पण पाठोपाठ दोन गोष्टी मागितल्या. नाव आणि फोटो. नवा नियम होता. प्रत्येकाचा चेहरा संगणकात ठेवायचा, म्हणजे डॉक्टर समोरचा माणूस तोच आहे हे बघूनच तोंड उघडतील. केळीवालीचं डोकं फिरलं. ज्या दुखण्यापायी ती चार घड्या बांधून फिरत होती, त्याच्याशेजारी तिचं तोंड चिकटवून ठेवणार? उद्या कोण बघेल, कोण हसेल?

"मला ओळखायला फोटो लागतो?" ती म्हणाली. "अगं पोरी, या गावात कुत्रीसुद्धा मला ओळखून रस्ता सोडतात."

सिस्टर हसली आणि तिनं आणखी एकदा समजावून पाहिलं. फोटो बाहेरच्या कोणाला दिसत नाही. जे झाकायचंय ते झाकलेलं राहावं म्हणूनच तोंड दाखवायचं. केळीवालीला हे बोलणं उफराटं वाटलं. नाव तिनं कसंबसं कुजबुजून सांगितलं, आणि दम दिला की ते चारचौघांत उच्चारायचं नाही, हाक नालोंगो म्हणूनच मारायची. फोटोला मात्र तिनं साफ नकार दिला. म्हाताऱ्या लुबेगांनी तिला लहानपणापासून पाहिलेलं होतं, त्यांना फोटोची गरज नव्हती. त्यांनी तपासलं, लघवी तपासायला घेतली आणि पुढच्या आठवड्यात बोलावलं.

पुढच्या आठवड्यात लुबेगा कंपालाला गेले होते. आत त्यांच्या जागी एक तरुण डॉक्टर बसला होता, गावात नवा. आणि बाहेर बाकड्याच्या दुसऱ्या टोकाला मासळीवाली बसली होती.

दोघींनी एकमेकींना पाहिलं आणि दोघींनी पाहिलं नाही असं दाखवलं. केळीवालीचं डोकं चालायला लागलं. ही कशाला आली असेल? हिनं आपल्याला बघितलं, आता ही विचार करेल, आपण कशाला आलो असू. घोर लागला तशी तिची नेहमीची कळ आली. थांबण्यात अर्थ नव्हता, थांबणं तिच्या हातात राहिलंच नव्हतं. ती उठली आणि मागच्या संडासाकडे गेली.

ती तिकडे असतानाच सिस्टरनं दारातून आदरानं हाक मारली, "नालोंगो, या."

मासळीवाली उठली. का उठणार नाही? तीही जुळ्यांचीच आई होती. सिस्टर तोवर दुसऱ्या कोणाला पट्टी बांधायला वळली होती. आत तरुण डॉक्टरनं पडद्यावर बघितलं. चेहऱ्याच्या जागी रिकामा चौकोन होता. समोर पन्नाशीची, गोमेसीतली, नालोंगो म्हटल्यावर मान डोलावणारी बाई होती. त्यानं बोलायला सुरुवात केली.

केळीवाली परत आली तेव्हा बाकड्याचं ते टोक रिकामं होतं. तिनं सिस्टरला विचारलं, आत कोण गेलंय? सिस्टरनं तिच्याकडे पाहिलं, रिकाम्या बाकड्याकडे पाहिलं, आणि तिचा हात पट्टीवरच थांबला. ती दाराकडे धावणार तोच दार उघडलं.

मासळीवाली बाहेर आली. तिच्या हातात औषधांचं कागदी पुडकं होतं. बाकड्यावरची माणसं बघत होती. ती सरळ केळीवालीपाशी आली, वाकली आणि पुडकं तिच्या मांडीवर ठेवलं.

"हे तुमचं," ती हळूच म्हणाली. "मी म्हटलं त्यांना, मी ती नव्हे. पण ते बोलून गेले होते."

आणि जाऊन आपल्या जागेवर बसली.

अशा वेळी तिला एकच गोष्ट जमायची, ती तिनं केली. ती सिस्टरवर बरसली. दवाखाना आहे की बाजार, असं विचारायलाही ती विसरली नाही. सिस्टर खाली मान घालून ऐकत राहिली. शेवटी अदबीनं म्हणाली, "चूक माझी आहे, न्याबो. मी बघायला हवं होतं. पण फोटो असता तर..." आणि पुढचं तिनं गिळलं. ते गिळलेलंच केळीवालीला जास्त लागलं.

आत तरुण डॉक्टरनं उभं राहून माफी मागितली. मग सांगितलं की घाबरण्यासारखं काही नाही, पुष्कळ बाळंतपणं झालेल्या बायकांना, त्यातून जुळी वाहिलेल्यांना, हे होतं. रोज आतून आवळायचा व्यायाम, थोडी औषधं, आणि गरज पडली तर आत बसवायची एक कडी. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं.

"तिला यातलं काय काय सांगितलंत?"

"सगळं," तो म्हणाला.

त्यानंतर ती रोज बाजारात घावाची वाट बघत बसली. मासळीवालीच्या जागी आपण असतो तर काय केलं असतं, हे तिला विचार न करताच कळत होतं. दुपारच्या आत वरची रांग, खालची रांग आणि मोटारसायकलवाल्यांचा अड्डा, सगळीकडे गेलं असतं. शिवाय या बाईचं जुनं देणंही होतं. कितीतरी दुपारी वाऱ्याच्या नावानं हसून घेतलेलं. पण मासळीवाली सूप पाखडत बसायची. केळीवालीला वाटे, हिनं एकदाचं बोलून टाकावं. ती व्यायाम न चुकता करत होती, घड रचताना, गिऱ्हाईकाशी घासाघीस करताना; वरून कोणाला कळायचं नाही. समारंभ जवळ येत होता, पण असली दुखणी काही चार दिवसांत हटत नाहीत.

एके दिवशी ऐन उन्हात केळ्यांचा ट्रक आला. हमाल कमी होते. तिनं पदरमोड करून माणूस बोलावण्यापेक्षा स्वतःच एक मोठा घड उचलला, आणि नको ते झालं. घड्या पुऱ्या पडल्या नाहीत. ती चटकन खाली बसली, पण ऊन तापलेलं होतं. थोड्या वेळानं समोरच्या टोमॅटोवाल्या नामुलीनं नाक वर केलं. नामुलीच्या जिभेलाही हाड नव्हतंच.

"कसला गं वास?" नामुली म्हणाली. "मुताचा येतोय."

सगळ्यांनी सवयीनं केळीवालीकडे पाहिलं, आता ती मासळीच्या नावानं काय बोलते म्हणून. ते वाक्य तिच्या ओठावर तयारच होतं, इतक्या दिवसांचं वापरलेलं. पण तोंड उघडेना. जी बाई सगळं जाणून गप्प बसलीय, तिच्यावर ते कसं फेकायचं?

मासळीवालीनं वर न बघताच म्हटलं, "माझ्या मालाचा आहे. गोणी भिजली, खालची मासळी कुजली. नाकाला झोंबत असेल तर तोंड फिरवून बस, नामुली." आणि उठून तिनं मासळी धुतलेल्या पाण्याचं घमेलं उचललं आणि दोन फळ्यांच्या मधोमध पालथं केलं. पाणी लोंढ्यानं केळीवालीच्या अंगाखाली गेलं. गोमेसी मागून पुढून भिजली, मासळीच्या वासानं भरली.

"अरे देवा," मासळीवाली आता सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "तुमचे कपडे नासवले मी, नालोंगो. माफ करा."

आता आग लागणार, असं प्रत्येकाला वाटलं. केळीवालीनं भिजल्या काठाकडे पाहिलं.

"असू द्या," ती म्हणाली. "पाणीच आहे." आणि कपडे बदलायला घरी गेली.

पुढच्या वेळी दवाखान्यात शिरल्याबरोबर ती सिस्टरच्या टेबलापुढच्या खुर्चीत जाऊन बसली, डोक्याचं फडकं सारखं केलं आणि म्हणाली, घे काय तो फोटो. सिस्टरनं घेतला आणि दाखवला. केळीवालीनं त्या चेहऱ्याकडे रागानं पाहिलं. मग विचारलं, हा कोणाकोणाला दिसणार? फक्त डॉक्टरांना, सिस्टर म्हणाली.

"आणि हाक नावानं मार. दारातून नाही, जवळ येऊन, कानाशी."

सिस्टर चाचरली. नालोंगोला नावानं कसं म्हणायचं, जुळ्यांचा कोप होतो, असं काहीतरी पुटपुटली.

"जुळी माझी आहेत," केळीवाली म्हणाली. "त्यांच्या कोपाचं मी बघते. तू माझं दुखणं सांभाळ."

बाकड्यावर मासळीवाली होती. या वेळी केळीवाली दुसऱ्या टोकाला गेली नाही. शेजारी बसली. दोघी समोरच्या भिंतीवरची पाल बघत होत्या.

"माझं नाव युनिया," केळीवाली म्हणाली. "माझ्या आईनंतर कोणी घेतलेलं नाही."

मासळीवाली म्हणाली, "मी तोपिस्ता." आणि जरा थांबून, "वारा सुटला की तुझ्या केळ्यांच्या चिकाचा वासही माझ्या मासळीवर येतो, बरं का."

केळीवालीला हसू फुटलं. तिनं ते आवळून धरलं, आतून, डॉक्टरांनी शिकवलं होतं तसं. धरलं गेलं.

तेवढ्यात सिस्टर आली, मासळीवालीच्या कानाशी वाकली आणि तोपिस्ता उठून आत गेली. दार लागलं. बाकड्यावरचा एक म्हातारा सरकून जवळ आला आणि विचारायला लागला, त्या मासळीवालीला काय झालंय, हल्ली सारखी दिसते इथे.

केळीवालीनं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"आधी तुम्ही उठून उभे राहा, सेबो," ती म्हणाली, "आणि तुमचं काय दुखतंय ते सगळ्यांना मोठ्यानं सांगा. मग तिचं विचारा."

म्हातारा सरकून परत आपल्या जागी गेला. केळीवाली बंद दाराकडे पाठ करून बसली, आतलं काही चुकून कानावर पडू नये म्हणून.