टाळू जुळायचे आठवडे

दूध पुन्हा नाकातून आलं. सुमेधानं बाळाला उभं धरून फडक्यानं ते टिपलं. वीस दिवसांच्या पोरीच्या उघड्या तोंडात टाळूच्या जागी लालसर फट होती. आंबूस वास सुटला, तशी गिरिजाबाईंनी नाकाला पदर लावला.

"तुझ्या बहिणीला अन् हिला घेऊन जा उद्या. मह्यानं हे बघवत न्हाई," त्या म्हणाल्या. "पोटुशी असताना ग्रहणात कांदा चिरला तुझ्या बहिणीनं. म्या पाह्यलं."

"तुमच्यात ग्रहण पाळत नाहीत ना, मावशी?"

"पाळत न्हाई. पण लागायचं त्ये लागतंच."

सुमेधाची बहीण अर्पिता भिंतीला टेकून बसली होती. सासूकडे न बघता ती हातातली बांगडी फिरवत राहिली. सुमेधाला त्या पदराची किळस आली. जालन्यात बियाण्यांच्या प्रयोगशाळेत नोकरी करणाऱ्या, प्राणिशास्त्र शिकलेल्या तिला इथं बोलणं भागच होतं. एका हातानं तिनं खिळ्यावरचं कॅलेंडर काढलं.

"ग्रहण सप्टेंबरात. तेव्हा ताईला आठवा महिना. पोटात असताना टाळू दोन्ही बाजूंनी वाढत येतो आणि मधोमध जुळतो. बाराव्या आठवड्यापर्यंत जुळला तर जुळला. कांदा चिरला तेव्हा ही फट चार महिन्यांची होती."

पदर खाली आला.

"मंग कशानं झालं?"

"नक्की सांगता येत नाही. पण त्या आठवड्यांत पोटात काय गेलं, ते डॉक्टर विचारतात." तिनं मार्चचं पान उघडलं. "ताई, तेव्हा काही औषध घेतलंस?"

"पुडी घेतल्ती. सात दिवस. पोरगा व्हावा म्हणून."

सुमेधानं गिरिजाबाईंकडे पाहिलं. "कुणी दिली?"

"आपल्या आईनं," अर्पिता म्हणाली. "तूच आणल्तीस की, लाडवाच्या डब्यात."

मार्चमध्ये जालन्याहून ताईच्या सासरी वाटूरला येताना एसटीत सुमेधानं तो डबा उघडला होता. तळाची कागदी पुडी हुंगली होती. कडू, मातकट वास. आईनं आधीच बजावलं होतं, "बायकांचं आहे, विचारू नको." आणि ती पोरगा होण्यासाठीची आहे हे कळूनही तिनं पुडीची घडी पुन्हा नीट घातली होती.

"गोऱ्हा झालेल्या गाईच्या दुधातून घ्यायची व्हती," गिरिजाबाई हळूच म्हणाल्या. "दूध म्या आणल्तं."

बाळानं पुन्हा गुळणी टाकली; ऊन दूध सुमेधाच्या बोटांवरून ओघळलं.

"आण इकडं तिला," म्हणत गिरिजाबाईंनी पदरानंच पोरीचं नाक पुसलं. "उद्याचं ऱ्हाऊ दे."

सुमेधा न्हाणीत गेली. साबण लावून तिनं हात धुतले, नाकाशी नेले, आणि पुन्हा साबण घेतला.