बीजकावरची दुसरी ओळ

आर्नेल लिसिंगने खोक्याची चिकटपट्टी सुरीने चिरली, कापूस बाजूला केला आणि तो थांबला. आत दोन डोळे होते.

"आत्सी, तुम्ही किती मागवले होते?"

"एक," सियानिंग म्हणाली. सगळं गाव तिला आत्सी, म्हणजे ताई, म्हणायचं. "एकच फुटलाय."

टपाल कचेरीतल्या सीमाशुल्काच्या खिडकीपुढे तिला उभं राहून तास झाला होता. खोकं मालकासमोरच उघडायचं असा नियम होता, आणि नियम म्हटला की आर्नेल त्यातला काना-मात्राही सोडत नसे. नीट दिसावं म्हणून सियानिंगने मान डावीकडे वळवली. तिचा डावा डोळा सहाव्या वर्षी, नववर्षाच्या धामधुमीत, पोरांनी उडवलेल्या बांबूच्या तोफेने नेला होता. त्या पापणीमागे काहीच नव्हतं, तरी ती काळा चष्मा लावत नसे. बघतात तर बघू देत, असं तिचं म्हणणं.

फुटला होता तो क्रुसाखालच्या दुःखी मातेचा डोळा. गावातल्या एका घराण्याची ही जुनी लाकडी मूर्ती. घराणं अमेरिकेला गेलं आणि मूर्ती सियानिंगच्या पदरात टाकून गेलं. एकतीस वर्षं तीच तिला पुसायची, नेसवायची, केस विंचरायची आणि पवित्र शुक्रवारी तिच्या रथामागून चालायची. यंदा पुसताना तिच्याच हातून मूर्ती कलंडली आणि उजवा डोळा फुटला. फादर म्हणाले, एका डोळ्याची माता मिरवणुकीत नको, लोक काय म्हणतील. सियानिंग स्वतः इतकी वर्षं एका डोळ्यानेच त्या मिरवणुकीत चालत आली होती. भाचीने फोनवर जर्मनीतला एक डोळे करणारा शोधून काढला. शुक्रवार आता चार दिवसांवर आला होता आणि डोळा बसवणारा मूर्तिकार आज दुपारपर्यंतच थांबणार होता.

"मग घोडं अडलंय कुठे, साहेब?"

"बीजकावर दोन, खोक्यात दोन, मागणी एकाची. हे जुळल्याशिवाय मला सोडता येत नाही."

"पण मुळात एवढ्याशा डोळ्यावर शुल्क कसलं?"

"आकारावर नसतं ते. किंमत दहा हजार पेसोंच्या आत असती तर काहीच नव्हतं. हा बारा हजारांचा आहे. म्हणजे आधी शुल्क. मग डोळा, टपालखर्च आणि ते शुल्क, या सगळ्याच्या बेरजेवर कर."

"शुल्कावरसुद्धा कर?"

"शुल्कावरसुद्धा."

"म्हणजे जखमेवर मीठ, आणि मिठाचे वेगळे पैसे."

आर्नेलला हसायचं नव्हतं, पण ओठ हलले. "दुसऱ्यापुढे त्यांनी शून्य लिहिलंय," तो म्हणाला.

"फुकट ते पौष्टिक."

"फुकट आला तरी किंमत धरावी लागते. भेट दिली म्हणून वस्तूची किंमत जात नाही."

सियानिंगने खिडकीतून वाकून पाहिलं. एक डोळा मधाच्या रंगाचा होता, थेट मातेच्या दुसऱ्या डोळ्यासारखा. तो पाहून तिचा जीव भांड्यात पडला. दुसरा मात्र काळाभोर होता.

"हा आमचा नाही," ती म्हणाली. "बांधताना घोटाळा झालाय. तिकडे कुणीतरी बिचारा वाट बघत बसला असेल. हा परत पाठवून द्या, साहेब."

आर्नेलने काळा डोळा चिमटीत धरून उजेडात नेला. त्याचं पांढरं अगदी पांढरं नव्हतं. कोपऱ्यात किंचित पिवळट झाक होती आणि आत केसाएवढ्या बारीक लाल रेघा होत्या. त्याने तो कापसावर ठेवला, बीजक पुन्हा वाचलं आणि फडताळातून जाडजूड पुस्तक काढलं.

"प्रत्येक मालाला एक आकडा असतो," तो म्हणाला. "त्याची सुरुवात जर्मनीत जी, तीच इथे. भाषा कळो न कळो, आकडा कळतो. पहिल्या ओळीला लिहिलंय सत्तर-अठरा. काचेच्या वस्तू. बाहुल्यांचे, मूर्तींचे डोळे यात."

"बाहुल्यांचे?"

"सरकारला दोन्ही सारखेच."

"सरकारने एकदा तिच्यापुढे गुडघे टेकून बघावं."

"दुसऱ्या ओळीचा आकडा वेगळा आहे. नव्वद-एकवीस." त्याने पानं उलटली, ओळीवर बोट ठेवलं आणि दोनदा वाचलं. "माणसाच्या शरीरात बसवायचे कृत्रिम अवयव. यावर शुल्क नाही."

"मी काय म्हणत होते? कुणातरी माणसाचाच आहे. लवकर पाठवा परत."

"चुकून पडलेल्या वस्तूसाठी कुणी वेगळी ओळ लिहून वेगळा आकडा शोधत नाही, आत्सी. वर नावही तुमचंच आहे. तुम्ही त्यांना काय पाठवलं होतं?"

"फोटो. मूर्तीचा. उजेडात काढा म्हणाले होते."

तिने फोनवर फोटो काढून दाखवला. मूर्तीची मान डुगडुगत होती म्हणून सियानिंगने ती मागून दोन्ही हातांनी धरली होती. गालाला गाल लागले होते, आणि भाचीने 'इकडे बघ' म्हटल्यामुळे सियानिंग सरळ समोर बघत होती. आर्नेलने फोटो बराच वेळ पाहिला. मग फोन बीजकाशेजारी ठेवला आणि काळा डोळा फोनशेजारी.

सियानिंगने सवयीने आधी मातेकडे पाहिलं. मग शेजारच्या चेहऱ्याकडे. तिचा हात आपसूक डाव्या पापणीवर गेला. तिला राग आला. कोण कुठला डोळे करणारा, त्याने न विचारता आपल्याला इतकं निरखून पाहावं? मग राग गेला आणि इतका आनंद झाला की काय करावं ते तिला सुचेना.

"मी मागवला नव्हता हा."

"मागवला होता का, असा रकाना नाही. कुणासाठी, एवढाच आहे."

"बसेल का तो?"

"ते पुस्तकात नाही. डॉक्टरांना विचारा."

त्याने दोन कागद पुढे केले, दर डोळ्याला एक. पहिला तिने भराभर भरला. दुसऱ्यावर पेन थोडा वेळ अधांतरी राहिलं, मग चाललं. आर्नेलने दोन्ही कागद अक्षर-अक्षर लावून वाचले आणि दुसरा तिच्याकडे परत सरकवला.

"आत्सी, इथेही तुम्ही मातेचंच नाव लिहिलंय."

तिने पाहिलं. खरंच होतं. मेणबत्त्या असोत, मखमल असो, केसांतल्या पिना असोत, एकतीस वर्षांत तिने जे काही आणलं ते त्याच नावावर आणलं होतं.

एरवी वाया गेलेल्या कागदावरून आर्नेल चार शब्द सुनवायचा. आज त्याने नुसता नवा कागद फाडून दिला.

"सावकाश लिहा," तो म्हणाला.

तिने सावकाश स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं, फेलिसियाना ग्वानलाव. खाली वय विचारलं होतं. तेही तिने खरं लिहिलं.