डल्सीचे हात

डल्सी कीपिंग एकोणीस वर्षं मासळीच्या कारखान्यात कॉड मासे कापत होती. न्यूफाउंडलंडच्या त्या बंदरात सुरी चालवण्यात तिचा हात धरणारी दुसरी बाई नव्हती. कापताना ती मासळीकडे बघायचीसुद्धा नाही. शेजारी उभ्या बाईची टिंगल चालू असायची आणि बोटं आपसूक काटा सोडवून मोकळी व्हायची.

मार्चमध्ये तिला ताप आला. चार दिवसांनी उतरला. पाचव्या दिवशी सकाळी ती पलंगावरून उठायला गेली आणि पोतं पडावं तशी खाली पडली.

नवरा आम्ब्रोज धावत आला. "काय गं, पाय मुरगळला?"

"पाय कुठं आहेत तेच कळत नाहीये."

"आहेत की दोन्ही जाग्यावर!"

तो हसणार होता, पण तिचा चेहरा बघून त्यानं तिला उचलून पलंगावर निजवलं.

सेंट जॉन्सच्या इस्पितळात आठवडाभर तपासण्या झाल्या. मग डॉक्टरीणबाई खुर्ची ओढून समोर बसल्या. "तुमच्या स्नायूंना काही झालेलं नाही. मेंदूचा हुकूम हातापायांपर्यंत नीट पोचतोय. पण हात कुठं आहे, गुडघा किती वाकलाय, ही खबर उलट मेंदूकडे नेणाऱ्या नसा निकामी झाल्यात. खबरच नाही, तर मेंदू पुढचा हुकूम काय सोडणार?"

"बऱ्या होतील?"

"नाही होणार. आता डोळ्यांनी काम चालवायचं. हात दिसला, तरच तो सांभाळता येईल."

डल्सी शिकली. चमचा तोंडाशी नेताना चमच्यावर नजर, चालताना पावलांवर. एकदा डोकं धुताना साबण डोळ्यांत गेला. तिनं डोळे मिटले मात्र, उभ्या जागी कोसळली.

आठ महिन्यांनी ती हट्टानं कारखान्यात गेली. बायकांनी सरकून जागा दिली. नजर सुरीवर खिळवून तिनं एक कॉड कापला. वेळ लागला, पण कापला. तेवढ्यात मागून कुणीतरी ओरडलं, "अगं बाई, डल्सी आली!"

तिनं हसून वळून पाहिलं. आणि शेजारीण एकदम मागं सरली. डल्सीनं खाली नजर टाकली. सुरी धरलेला हात आपोआप वर उचलला गेला होता, शेजारणीच्या गळ्याशी. तिला पत्ताच नव्हता.

तिनं सुरी खाली ठेवली, पाठीमागची एप्रनची गाठ मात्र दिसेना, ती घरी आल्यावर आम्ब्रोजला सोडावी लागली.

वसंतात मुलगी नोरीन दीड महिन्याची लेक घेऊन माहेरी आली. उशा लावून तिनं बाळ आईच्या हातांत दिलं.

"आई, बघ, बघ! हसतेय तुझ्याकडं!"

डल्सीनं नजर उचलली. लगेच कोपर सैल पडलं, बाळाचं डोकं कललं. नोरीननं झटकन हात घातला.

"बाबांकडे देऊ का? म्हणजे तुला नीट बघता येईल."

"नको. राहू दे जरा." डल्सी पुन्हा आपल्या हातांकडे बघू लागली. "दिसते कशी, तूच सांग."

नोरीन सांगू लागली. हनुवटीला खळी आहे, भुवया तांबूस आहेत. डल्सी ऐकत होती, नजर आपल्या दहा बोटांवरून न हलवता.