सवाशिणीच्या हातची मासळी

माझा नवरा ग्यानबा गेला त्या दुपारी मी आधी मासळीला मीठ लावलं आणि मग हाक मारली. लोकांनी काय म्हणायचं ते म्हणावं. मला तेव्हा काहीच वाटत नव्हतं, आणि काहीच वाटत नसलं की माणूस हाताशी असलेलं काम करतो.

आमची भोयांची घरं भालकीच्या पल्याड, मांजरेच्या काठाला. उन्हाळ्यात नदी आटून डोहाडोहात बसते आणि बोटभर मासळी लुगड्याच्या फडक्यातसुद्धा निघते. पावसाळ्यात गढूळ पाण्यात ती हाती लागत नाही. मोठी वाम आणि मरळ मात्र तेव्हाच गळाला येते, आणि तिला गळावर आमिष म्हणून ही बारकी मासळीच लागते. म्हणून वैशाखात धरून खारवून ठेवायची. ही काही खायच्या मासळीसारखी साफ करायची नसते. डोकं, खवले जसेच्या तसे ठेवायचे. धुवायची तर मुळीच नाही, पाणी लागलं की ती पिचपिचीत होते. जाडं मीठ चोळायचं, मडक्यात थर लावायचे, सुटलेलं पाणी दुसऱ्या दिवशी ओतून पुन्हा मीठ भरायचं. मग मांस चिवट होतं आणि पुराच्या ओढीतही गळावरून निसटत नाही.

पावसाळ्यात गळ सगळे मिळून टाकतात, पण प्रत्येक घरानं आपलं मडकं आणायचं. ज्या घरचं मडकं, त्या घराला डोहाचा वाटा. आणि त्या मडक्यातल्या मासळीला मीठ लावायचं ते सवाशिणीनंच. रांडमुंड बाईचा हात लागला तर नदी काही देत नाही म्हणे. रझाकारांची धामधूम सरली होती, निजामाचं राज्य गेलं होतं, भालकीच्या कचेरीवर दुसरं निशाण लागलं होतं. आमचा हा कायदा होता तिथंच होता. कुणी केला ते ठाऊक नाही, पण बाईनं केला नसणार एवढं मी पैजेवर सांगते.

त्या दिवशी ग्यानबा टोपलंभर मासळी घेऊन आला. छातीत भरून आलंय म्हणाला आणि पडवीत आडवा झाला. "मासळी तेवढी बघ, ऊन तापायलंय," एवढंच बोलला. भाकरी थापून झाल्यावर मी त्याला उठवायला गेले. डोळ्यावर माशी बसली होती आणि पापणी हलत नव्हती.

मी तिथंच बसले. किती वेळ ते सांगता येणार नाही. मग टोपल्याचा वास आला. हाक मारली असती तर बायांनी मला धरलं असतं, बांगड्या फोडल्या असत्या, आणि मासळी संध्याकाळी उकिरड्यावर गेली असती. हे सगळं मी विचार करून केलं असं नाही. मीठ काढलं आणि चोळायला बसले. बोटांना चिरा पडल्या होत्या, झोंबत असणार. मला कळलं नाही.

सासू विहिरीवरून आली. सिद्धव्वा तिचं नाव, मी तिला आत्याबाई म्हणते. "ग्यानबा उठला न्हाई व्हय अजून?" तिनं विचारलं.

"निजलाय," मी म्हणाले.

ती माझ्या हातांकडे बघत राहिली, मग घागर घेऊन आत गेली. मी मडक्याचं तोंड बांधलं, हात पुसले आणि हाक मारली.

पुढचं सगळं रीतीनं झालं. मी रडले नाही. आयाबायांना ते फार लागलं. दगड आहे म्हणाल्या. दगडच होते मी, खोटं कशाला बोलू!

मृग लागला तशी मडकी पारावर आली. माझं मडकं बघून थोरले दीर हणमंतराव उठले. माणूस वाईट नाही, चार पोरांचा बाप. म्हणाले, "हे मडकं विटाळलंय. त्याच दिवशीचं हाय हे. वाटा माझ्यात घाला, दोघींला मी खाऊ घालतो की." म्हणजे मी आणि आत्याबाई जन्मभर त्यांच्या चुलीपुढं ताटली धरून बसणार. पुढल्या सालचं मीठ कुणा सवाशिणीकडून लावून घेता आलं असतं, पण एकदा गेलेला वाटा परत मिळत नाही.

लिंबाजी कारभाऱ्यांनी मला विचारलं, "मीठ लावलंस तवा ग्यानबा जिता व्हता का? खरं सांग."

वाटा जाणार हे मला समजत होतं, तरी तोंडून 'व्हय' निघेना. खोटं बोलायलासुद्धा जीव लागतो, आणि तो माझ्यात नव्हता. मी 'न्हाई' म्हणणारच होते.

"जिता व्हता," मागून आत्याबाई म्हणाली. पदर सावरत ती पुढं आली. "मी हिरीवरनं आले तवा ही मीठच लावायली व्हती. लेकरू उठून बसलं. अव्वा, पाणी दे म्हणलं. म्या तांब्या दिला. घटाघटा प्याला. नदीची आण."

आईच्या शब्दावर कोण काय बोलणार? हणमंतरावांनी मान खाली घातली. आपल्या आईला ते पुरतं ओळखत होते. कारभारी म्हणाले, "हिचं मडकं वाट्यात धरा."

आत्याबाई आणि मी घरी आलो. मी मडकं कोपऱ्यात ठेवलं. मला आनंद झाला नाही, सुटल्यासारखंही वाटलं नाही. ती उंबऱ्यावर बसली, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "चंद्रा, मी यायच्या आधी... पाणी मागितलं व्हतं का गं त्यानं?"

ग्यानबानं काहीच मागितलं नव्हतं. आमच्या दोघींपैकी कुणालाही त्यानं हाक मारली नव्हती.

"मागितलं व्हतं," मी म्हणाले.

"मग? दिलंस?"

"दिलं की."

"सगळा तांब्या प्याला?"

"सगळा. आणि अव्वा कुठं गेली, म्हणून विचारलं."

तिनं गुडघ्यात तोंड घातलं. मी तिच्याजवळ जाऊन बसले, आणि मग मात्र मला रडू आवरेना.