बसून खाणारी आई

विश्वजितचा आवाज मुळातच मोठा. कोडोलीच्या दूध संस्थेचा चेअरमन माणूस, हळू बोलणं त्याला ठाऊकच नव्हतं. कोल्हापूरच्या दवाखान्यात आईच्या खाटेशी उभा राहूनही तो सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असाच बोलत होता, आणि त्याला कारणही होतं. शेजारी शिरोळचे आकाराम उभे होते. त्यांच्या घरात विश्वजितची लेक द्यायची बोलणी पक्की होत आली होती.

चिमणाबाई ऐंशीला टेकलेली. आतड्याला पीळ पडून पोट नगाऱ्यासारखं फुगलं होतं. डॉक्टर प्रियदर्शनींनी तपासलं आणि विचारलं, की हे दुखणं यायच्या आधी, पंधरवड्यापूर्वी, या स्वतःचं काय काय करायच्या?

खरं तर म्हातारी पहाटे उठून म्हशींच्या धारा काढायची, वैरणीचा भारा डोक्यावरून आणायची आणि सून उठायच्या आत चहाही टाकायची. पण चेअरमनची आई शेणात हात घालते, हे होणाऱ्या व्याह्यांसमोर कोण सांगणार?

“काय बी न्हाय वो,” विश्वजित छाती काढून म्हणाला. “आमी तिला इकडची काडी तिकडं करू देत न्हाय. ताट हातात. आंघोळ बी सूनच घालती. निस्तं बसून खायाचं.”

आकारामांनी कौतुकाने मान डोलावली. डॉक्टरांचा चेहरा मात्र उतरला. त्यांनी विश्वजितला बाहेर बोलावून सांगितलं, की ऑपरेशनशिवाय पीळ सुटणार नाही, आणि आज केलं नाही तर उद्या उपयोग नाही. पण नुसतं वय बघून ते ठरत नाही. ऐंशीची हिंडती-फिरती बाई टेबलावरून उठून घरी जाते. जिला आंघोळही दुसऱ्याने घालावी लागते, ती बहुतेक उठत नाही. तेव्हा चिरफाड नको, त्रास होणार नाही एवढं बघू, असं त्यांचं मत पडलं.

आयुष्यात पहिल्यांदा विश्वजितचा आवाज खाली आला. आई सगळं करते, म्हशी तिच्याच जिवावर आहेत, मगाशी आपण उगाच बोललो, असं तो कुजबुजला. डॉक्टरांनी हे रोज ऐकलेलं. ऑपरेशन नको म्हटलं की प्रत्येकाची म्हातारी धावायला लागते. तरी बाई भली. ती परत खाटेशी आली आणि वाकून तिने चिमणाबाईलाच विचारलं, की आजी, घरात तुम्ही काही काम करत होता का?

म्हातारीने आधी लेकाकडे पाहिलं, मग आकारामांकडे. पोटात कळ येत असतानाही तिने पदर सारखा केला.

“न्हाय बाई,” ती म्हणाली. “पोरगं म्हणतंय त्येच खरं. मला बसल्या जाग्यावर मिळतंय समदं.”

आई खोटं बोलतेय, एवढंच विश्वजितला म्हणायचं होतं. रोज डेअरीवर लावायचा त्याच आवाजात, चारचौघांदेखत. पण आकाराम त्याच्या तोंडाकडेच बघत होते. आईच्या जिवापेक्षा त्याला ती मेली लाज जड झाली, आणि त्याचं तोंड उघडलं नाही. डॉक्टरांनी कागदावर ‘ऑपरेशन नको’ असं लिहिलं आणि त्या पुढच्या खाटेकडे वळल्या.

आकारामांनी विश्वजितच्या खांद्यावर हात ठेवला. “नशीब काढलं म्हातारीनं,” ते म्हणाले. “आमच्या पोरानं बी तुमच्याकडनं शिकावं.”

विश्वजितने त्यांना हात जोडले.