पुसायला काहीतरी

कांतानं लेकीची हनुवटी धरली आणि अंगठ्यानं तिच्या ओठावरची लिपस्टिक पुसून टाकली. एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून. मग अंगठा चादरीला लावायला गेली, पण चादर हॉस्पिटलची, म्हणून आपल्याच गाऊनला पुसला.

"आई, ऑपरेशन तुझं आहे. माझं नाही," रचना म्हणाली.

"माहितीये. ओठ बघू दे."

"बघ. गुलाबी आहेत. जिवंत आहे मी."

कांतानं नीट बघितलं, मग हनुवटी सोडली. पित्ताशयात खडे झालेले तिच्या, काढायला आज दुसरा नंबर होता. पहिला नंबर शेजारच्या कॉटवरच्या सुमतीकाकूंचा. डोंबिवलीच्या, रिटायर्ड बँकवाल्या, हर्नियाच्या.

कल्याणच्या ह्याच हॉस्पिटलात, ह्याच वॉर्डात कांता सव्वीस वर्षं मावशी होती. बाई ऑपरेशनला जायची असली की कांता कापूस घेऊन तिच्या उशाशी यायची. लिपस्टिक, काजळ, नेलपॉलिश, सगळं पुसायची. भूल दिल्यावर ओठ निळे पडायला लागले, नखं काळी पडायला लागली, तर डॉक्टरला दिसायला नको? एवढं साधं होतं ते. पण सव्वीस वर्षं रोज तेच केल्यावर ते साधं राहिलं नाही. रंगवलेलं तोंड दिसलं की कांताचा हात आपोआप वर जायचा.

रचना नववीत असताना गॅदरिंगला कांता ड्युटीवरून थेट आलेली. पोरी स्टेजमागं रांगेत उभ्या. कांतानं लेकीला बाजूला ओढलं, पदर ओला केला आणि तोंड स्वच्छ करून परत रांगेत उभी केली. तो फोटो अजून घरात आहे. स्टेजच्या झगझगीत उजेडात अकरा पोरींना तोंड आहे. बारावीला नाही.

रचनानं पुढं पार्लरचा कोर्स केला. दिव्याला स्टेशनजवळ एका गाळ्यात पार्लर टाकलं. नळाचा भरवसा नाही, म्हणून फेशियलची गिऱ्हाईकं टँकर येईल त्या दिवशी बोलवायची, पण चालवलं तिनं. आता नववं वर्ष. खाली पाण्याचा कॅन आणायला उतरली तरी लिपस्टिक लावून उतरायची. नवरीला सजवायला कोपरीपासून शीळफाट्यापर्यंत बोलावणं यायचं. फक्त आई कधी खुर्चीत बसली नाही. दर दिवाळीला रचना विचारायची, दर दिवाळीला कांता म्हणायची, "मी काय भिंत आहे रंगवायला?" टिकलीसुद्धा लावायची नाही. नवरा, कुंडलिक, गेला म्हणून नाही, तो असतानाही लावत नव्हती.

दीप्ती आत आली. नवीन मावशी, पंचविशीची. हातात ट्रे, ट्रेमध्ये कापूस. सुमतीकाकूंच्या बांगड्या काढून तिनं त्यांच्या नवऱ्याकडे दिल्या, काजळ पुसलं, कपाळावरची टिकली नखानं उचलली आणि खालच्या बादलीकडे हात नेला.

"अगं, टाकू नकोस ती!" सुमतीकाकू एकदम उठून बसल्या.

"काकू, दहा रुपयाला पाकीट मिळतं."

"मिळू दे. मला तीच हवी आहे."

दीप्तीनं ट्रेकडे बघितलं, बादलीकडे बघितलं. टिकली बोटाला चिकटलेली.

"दांडीवर लाव," कांता आपल्या कॉटवरून म्हणाली. "कॉटच्या, डोक्याकडच्या. शुद्धीवर आल्या की बायका पहिलं पाणी मागतात, मग टिकली. पाणी देता येत नाही आपल्याला. टिकली तरी द्यायची."

"तुम्हाला काय माहीत, मावशी?"

"सव्वीस वर्षं इथंच केस पांढरे केलेत, पोरी."

दीप्ती हसली. टिकली दांडीवर चिकटवली, वर अंगठा दाबला. मग सहज म्हणाली, "आणि कोण परत मागायला आलीच नाही तर?"

कांता पायावरची चादर सरळ करत राहिली.

"तर खोबरेल लावून काढायची. नाहीतर गोंद राहतो."

वॉर्डबॉयनं सुमतीकाकूंना तोवर स्ट्रेचरवर घेऊन दारापर्यंत नेलेलं, त्यांनी ऐकलं नाही. त्यांना पोहोचवून दीप्ती परत आली. कांताची नखं बघितली, कान बघितले, हात उलटेसुलटे केले.

"तुमचं तर काही काढायलाच नाही, मावशी. एकदम क्लीन. अशा सगळ्या असत्या तर माझी पाठ दुखली नसती. येते मी थोड्या वेळानं न्यायला."

ती गेली. कांतानं मान वाकडी करून मागं बघितलं. पांढऱ्या रंगाची लोखंडी दांडी. हात मागं नेऊन तिनं ती ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत चाचपली. काही नव्हतं तिच्यावर.

"रचे."

"हं."

"तुझी ती पेटी आणलीयस का?"

"कुठली?"

"कुठली म्हणजे? असते ना पर्समध्ये. काढ."

रचनाला वाटलं, आता कचऱ्यात टाकायला लावते. तिनं पाऊच काढला, पण हातातच धरून ठेवला.

"लाव मला," कांता म्हणाली.

"काय लावू?"

"लावतेस ना बायकांना, ते."

"आई, अर्ध्या तासात ती दीप्ती येऊन सगळं पुसणार."

"पुसू दे. पगार कशाचा घेते?"

रचना उभी राहिली. नऊ वर्षं तिनं मनात आईचं तोंड किती वेळा केलेलं. कुठून सुरू करायचं, भुवया कशा करायच्या, सगळं ठरलेलं. आता काही आठवेना. तिनं सासवांना लावते ती फिकी तपकिरी लिपस्टिक काढली, परत ठेवली, आणि लाल काढली. आईची हनुवटी धरली.

"तोंड थोडं उघडं ठेव. हलू नकोस."

"मला सांगतेस?"

"बोलू पण नकोस."

ओठावर रेघा पडलेल्या, रंग त्यात उतरत होता. रचनानं दोनदा भरला. डोळ्यांत काजळ घातलं. नेलपॉलिशची बाटली उघडली तसं कांतानं हात मागं घेतला.

"नखाला नको. निघायला वेळ लागतो, ती पोरगी वैतागेल."

मग टिकल्यांचं पाकीट. रचनानं बारीकशी उचलली, कपाळाजवळ नेली.

"ती नको," कांता म्हणाली. "मोठी घे. बारीक दिसत नाही दांडीवर."

रचनाचा हात हवेतच थांबला. मग तिनं पाकिटातली सगळ्यात मोठी शोधली आणि आईच्या दोन भुवयांच्या मधोमध लावली. आरसा दिला. कांतानं आरशात बघितलं, जास्त नाही, रिक्षाचा नंबर बघावा तेवढंच.

"बरी दिसते."

"बरी?"

"चांगली दिसते. झालं?"

दीप्ती आली आणि दारातच थांबली. "अहो मावशी! आत्ता तर काही नव्हतं! तुम्हीच सव्वीस वर्षं काम केलेलं ना इथं?"

"कापूस तिच्याकडे दे," कांता म्हणाली. "ती काढेल."

रचनानं कापूस घेतला.

"घासू नकोस. दाबायचा आधी. मग ओढायचा, एकाच बाजूला. हां. असा."

ओठ परत होते तसे झाले. काजळ गेलं. शेवटी टिकली. रचनानं ती नखानं उचलली आणि दांडीवर लावली. कांता मान वळवून बघत होती.

"अजून डावीकडे. तिकडं हात लागतो लोकांचा."

रचनानं डावीकडे लावली.

कांताला घेऊन गेले. रचना रिकाम्या कॉटच्या कडेला बसून राहिली. खूप वेळानं सुमतीकाकूंना परत आणलं. डोळे अर्धवट उघडे, जीभ जड.

"पाणी," त्या म्हणाल्या.

"आत्ता नाही देता येत, काकू."

त्यांचा हात कपाळाकडे गेला. "माझी टिकली?"

नवरा पिशवीत शोधायला लागला. रचनाच उठली, त्यांच्या दांडीवरची काढून त्यांच्या कपाळावर लावली आणि परत आपल्या जागी आली. सवयीनं पर्समधून लिपस्टिक काढली, टोपण उघडलं. दाराकडे बघितलं. टोपण लावून टाकलं.

पंख्याच्या वाऱ्यानं दांडीवरच्या टिकलीची एक कड सुटलेली. रचनानं ती अंगठ्यानं दाबली, आणि अंगठा तिथंच ठेवला.